घरी कॉकपिट बांधायचंय? मग सेसना १७२ पासून सुरू करा

होम कॉकपिट, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी घरी बांधलेली वैमानिकाची जागा, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एअरबस ए३२० येतं, साहजिक आहे, आपण पॅसेंजर म्हणून बसतो ते विमान बऱ्याचदा तेच असतं, आणि यूट्यूबवर कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये अख्खं बोईंग ७३७ उभं केलेलं दिसतं, डोक्यावरच्या पॅनलपासून सगळे दिवे पेटतायत. ते बघून माणूस थेट ओव्हरहेडचे स्विच शोधायला लागतो, महिनोन् महिने पार्सलं येत राहतात आणि शेवटी माळ्यावर एक खोकं आणि घरच्यांचे टोमणे एवढंच उरतं. आणि गॅरेज आपल्याकडे आहे कुणाकडे?

म्हणून माझं सरळ मत, पहिलं कॉकपिट सेसना १७२ चंच करा. १९५५ साली हे विमान पहिल्यांदा उडालं, आजवर ४४ हजारांच्या वर बनलीत, इतकी दुसऱ्या कुठल्याच विमानाची बनलेली नाहीत, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्येही बरीच पोरं याच्यावरच शिकतात. पण आपल्याला त्याचा फायदा वेगळाच आहे. दोन माणसं खेटून बसतात ती केबिन जेमतेम १ मीटर रुंद, त्यातली फक्त डावी बाजू केली तर दोन-सव्वादोन फुटांत काम भागतं. ओव्हरहेड पॅनल नाही, चाकं आत-बाहेर जात नाहीत, प्रोपेलरचा वेगळा लिव्हर नाही. इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा काळा थ्रॉटल, हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारं लाल मिक्स्चर, पंखांच्या मागच्या झडपांचा म्हणजे फ्लॅप्सचा दांडा, नाक वर-खाली धरून ठेवणारं ट्रिमचं चाक, खाली डावीकडे स्विचची एक ओळ आणि चावी. संपलं. एवढ्यात तुम्ही इंजिन चालू करण्यापासून लँडिंगपर्यंत सगळं माउसला हात न लावता करू शकता, आणि ए३२० मध्ये तेवढ्याच मेहनतीत तुमचं अर्धं पॅनल पण होणार नाही.

दुसरा एक नियम आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. हाताला जे लागतं ते खरं बनवा, डोळ्याला जे दिसतं ते स्क्रीनवर राहू द्या. लोक नेमकं उलटं करतात, सुईचे खरे गेज (वेग-उंची दाखवणारी गोल मीटरं) बनवायच्या मागे लागतात आणि थ्रॉटल मात्र कीबोर्डवर. उडवताना तुम्ही गेजला हात लावत नाही हो, नुसतं बघता. ट्रिमला मात्र दर मिनिटाला हात जातो.

आधी थोडं उडवा तरी

सिम म्हणजे सिम्युलेटर, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्राम. कुठला घ्यायचा? मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर दिसायला सगळ्यात भारी, २०२० चा आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला नवीन, दोन्ही चालतील, पण जमिनीचं चित्र इंटरनेटवरून ओढतो त्यामुळे नेट बरं लागतं, आणि २०२४ वाल्याला १६ जीबी रॅम ही किमान गरज आहे, ३२ असेल तर सुखात. एक्स-प्लेन १२ नेटशिवाय चालतो, बाहेरचं हार्डवेअर जोडायला जरा जास्त मोकळा आहे आणि त्याचा डेमो फुकट आहे. अगदीच खिशात काही नसेल तर फ्लाइटगिअर पूर्ण फुकट आहे, दिसायला साधा पण सेसना १७२ त्यात पहिल्यापासून आहे. कुठलाही घ्या, फक्त एकच धरा, कारण तिघांत स्विचची जोडणी वेगवेगळी करावी लागते आणि सारखे सिम बदलणाऱ्याचं पॅनल कधी पूर्ण होत नाही.

लाकूड आणण्याआधी एक साधी, दांडा वळवता येणारी जॉयस्टिक घेऊन महिनाभर उडवा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही. पण या महिन्यात तुम्हाला कळेल की तुमचा हात कुठल्या गोष्टीसाठी सारखा कीबोर्डवर जातोय. कागदावर लिहून ठेवा. माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाच्या यादीत वर ट्रिम आणि फ्लॅप्स आले, आणि ज्याच्यावर पैसे घालवायचं ठरवलं होतं तो ऑटोपायलट पार तळाला.

पुठ्ठ्याचं कॉकपिट

फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं मिळवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूमवाला फुकट देतो. खुर्चीत बसा, पाय पुढे सोडा आणि पुठ्ठा कापून समोर पॅनल उभं करा. पॅनलची उंची, योक (विमानाचं स्टिअरिंग) मांडीच्या किती वर, थ्रॉटलपर्यंत हात पोचताना कोपर थोडा वाकलेला राहतो का, पॅनलच्या वरून बाहेर दिसतंय का नुसतं पॅनलच दिसतंय, हे सगळं इथे ठरतं आणि पुठ्ठा दहा वेळा कापला तरी पाच पैसे जात नाहीत. थ्रॉटल, फ्लॅप्स, स्विच सगळं स्केचपेनने काढा आणि डोळे मिटून हात लावून बघा. इंटरनेटवर १७२ च्या पॅनलची मापं मिळतात, एक लक्षात ठेवा, मोठ्या गोल गेजचं भोक सगळीकडे सव्वातीन इंचाच्या जरा आत, ३ पूर्णांक १/८ इंच असतं, म्हणजे साधारण ७९ मिलिमीटर, तेवढ्यावरून कुठल्याही सरळ समोरून काढलेल्या फोटोतली बाकीची मापं काढता येतात.

मापं अगदी मिलिमीटरला खरी पाहिजेत असा हट्ट नको. तुमची उंची आणि तुमची खुर्ची यांना बसणारं पॅनल चांगलं, खऱ्या विमानाला बसणारं नाही.

आणि अजून एक माप घ्या, ते म्हणजे तुमच्या खोलीच्या दाराचं आणि लिफ्टचं. भाड्याच्या घरात राहत असाल तर हे पहिलं माप. सगळं कॉकपिट तीन तुकड्यांत सुटलं पाहिजे, सीट आणि पेडलचा खालचा भाग एक, पॅनल दुसरा, मॉनिटरचा स्टँड तिसरा, आणि जोड स्क्रूचे नकोत, नट-बोल्टचे करा, शक्यतो विंग नट म्हणजे पाना शोधावा लागत नाही. गणपतीत पाहुणे आले की ते सुटून पलंगाखाली गेलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी गणपती असतील, कॉकपिट नसेल.

सांगाडा

प्लाय घ्या. एमडीएफ स्वस्त आहे, कापायला लोण्यासारखा आहे, पण मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रूची भोकं सैल होतात. खालच्या तळाला १८ एमएमचा प्लाय, बाकीला १२ पुरतो. शक्य असेल तर जवळच्या सुताराकडून सरळ काप मारून घ्या, हाताच्या करवतीने लांब सरळ रेषा कापणं हा वेगळाच छंद आहे. वर दिसणाऱ्या पॅनलसाठी मात्र साइनबोर्डवाले वापरतात ती ३ एमएमची एसीपी शीट मला सगळ्यात आवडते, दोन्हीकडे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिक, साध्या ड्रिलने भोक पडतं, वाकत नाही आणि राखाडी रंगात मिळाली तर रंग द्यायचंही काम नाही. साइनबोर्डच्या दुकानात तिचे उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारा, बरेचदा नुसतं हसून देऊन टाकतात.

आता सीट. जुन्या गाडीची सीट भंगारवाल्याकडे मिळते आणि बसायला मस्त, पण वजन बघा, वरच्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर ती चढवताना तुमचं विमान तिथेच ग्राउंड होईल. घरातली लाकडी खुर्ची पण चालते. चाकांची ऑफिस खुर्ची मात्र नको, किंवा चाकं काढून टाका, कारण आपल्याकडे फरशी असते आणि रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवायच्या पेडलवर, पाय दाबला की पेडल पुढे आणि खुर्ची मागे सरकते. त्यासाठी खुर्ची आणि पेडल एकाच फळीवर घट्ट बसवा. रबराच्या बुचांनी, अँटीस्लिप मॅटने काही होत नाही, पायाची ताकद जास्त असते. एकच फळी, विषय संपला.

काय विकत घ्यायचं, काय बनवायचं

यावर भांडणं होतात. माझं म्हणणं, योक विकत घ्या, बाकी सगळं बनवा. योकला आत-बाहेर सरकणं आणि गोल फिरणं अशा दोन हालचाली एकाच दांड्यावर लागतात, दोन्ही गुळगुळीत पाहिजेत, दोन्ही आपोआप मध्यावर आल्या पाहिजेत, आणि यात जराही ढिलेपणा राहिला तर लँडिंगला तुम्ही विमानाशी नाही, योकशीच झगडत बसता. विकतच्यात लॉजिटेकचा जुना योक एकूण ९० अंशच फिरतो, हनीकोंबचा अल्फा १८० अंश फिरतो, बजेट बसत असेल तर दुसरा, नाहीतर पहिला सेकंडहँड मिळाला तरी वाईट नाही.

तरीही योक बनवायचाच असेल तर सुताराकडे ड्रॉवरचे बॉल बेअरिंगवाले टेलिस्कोपिक चॅनेल मिळतात, त्यांची एक जोडी आडवी लावून त्यावर छोटी फळी सरकवा, फळीवर बेअरिंगमध्ये पाइप, पाइपच्या मागच्या टोकाला पॉट, म्हणजे किती फिरलं ते विजेच्या दाबातून सांगणारा पोटेन्शिओमीटर. आत-बाहेरसाठी स्लाइडर पॉट, आणि मध्यावर आणायला दोन बाजूंनी बाइकच्या कॅरिअरला सामान बांधायचं रबर. दिसायला जुगाड, पण नीट ताणलं तर बरं चालतं.

पेडल बनवणं सोपं आहे. दोन्ही पेडल एकमेकांशी उलटी जोडलेली असतात, डावं पुढे गेलं की उजवं मागे, म्हणजे मध्ये एक खुंटी आणि तिच्याभोवती फिरणारी आडवी पट्टी, पट्टीच्या दोन टोकांना पावलं ठेवायच्या फळ्या, दोन्हीकडे स्प्रिंग. जुन्या विमानांत खरंच अशी नुसती आडवी पट्टी असायची. पॉट खुंटीवर बसवायचा, पण इथे एक गणित आहे. साधा पॉट सुमारे ३०० अंश फिरतो, तुमची पट्टी फिरणार जेमतेम ४०, आणि आर्डुइनो, म्हणजे हे सगळं कॉम्प्युटरला जोडणारा छोटा सर्किट बोर्ड, त्या ३०० अंशांचे १०२४ भाग करतो, म्हणजे तुमच्या वाट्याला १३५ च्या आसपास आले. रडर दाबला की नाक सावकाश वळायच्या जागी टप्प्याटप्प्याने झटके देतं. उपाय सोपा, थ्रीडी प्रिंटरच्या स्पेअर पार्टमध्ये दातेरी पट्टा आणि पुली मिळतात, पट्टीवर ६० दात्यांची आणि पॉटवर २० दात्यांची पुली लावा, पॉट तिप्पट फिरेल, झाले चारशे भाग. ब्रेकसाठी पावलाच्या टोकाला वेगळे पॉट लावता येतात, पण ते नंतर, सुरुवातीला दोन्ही ब्रेक मिळून एक बटण पुरे.

थ्रॉटल आणि मिक्स्चर सेसनात ओढायचे-ढकलायचे असतात. पॅनलच्या मागे ६० एमएमचा स्लाइडर पॉट, त्याच्या दांडीला सळई, सळईच्या पुढे मूठ. मूठ कपाटाच्या हँडलच्या दुकानात शोधा, एक काळी, एक लाल रंगवलेली. स्लाइडर पॉटचं तोंड खाली करून बसवा, उघडं वर ठेवलं तर धूळ जाते आणि आकडे नाचायला लागतात. सळई स्वतःहून घसरू नये म्हणून भोकात फेल्टचा तुकडा घाला, त्या जरा अडकत सरकण्यातच सगळी मजा आहे.

पॉट घेताना दुकानदाराला ‘लिनिअर’ म्हणून सांगा, वर बी १० के लिहिलेलं असतं. ए १० के दिला तर तो आवाजासाठीचा, त्यावर थ्रॉटलची हालचाल एका टोकाला सगळी गोळा होते. पुढे मागे झीज नको असेल तर हॉल सेन्सर आणि लोहचुंबक लावता येतो, घासणारा भागच नाही, पण चुंबकाची जागा जमवायला वेळ जातो, पहिल्या कॉकपिटला पॉटच बरे.

ट्रिमच्या चाकाबद्दल कुणी फार बोलत नाही, पण माझ्या मते सगळ्यात आधी हेच करावं. बटणाने ट्रिम करणं म्हणजे दाब-दाब-दाब, जास्त झालं, परत उलटं दाब-दाब, आणि विमान तोवर सापशिडी खेळतंय. खऱ्या चाकाला अनेक फेऱ्या असतात म्हणून साधा पॉट चालत नाही, दहा फेऱ्यांचा पॉट मिळतो तो घ्या, थोडा महाग पडतो पण वसूल आहे. चाक लाकडाचं चालेल, कडेला खाचा पाडा म्हणजे अंगठ्याने न बघता फिरवता येतं, आणि ते उजव्या गुडघ्याशेजारी, थ्रॉटलच्या खाली, उभं बसवा.

चावीसाठी खऱ्या सेसनात पाच जागा आहेत, ऑफ, उजवा मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, दोन असतात), डावा, दोन्ही, आणि स्टार्ट, स्टार्टवरून ती स्प्रिंगने मागे येते. स्पेअर पार्टच्या दुकानात जुन्या गाडीचा किंवा ट्रॅक्टरचा इग्निशन स्विच घेतला तर स्टार्टची परत येणारी चावी फुकटात मिळते, डाव्या-उजव्या मॅग्नेटोच्या तपासणीला बाजूला एक छोटा तीन जागांचा टॉगल लावा. खऱ्यासारखं नाही, पण चावी फिरवून इंजिन घरघरलं की कुणी तक्रार करत नाही.

वायरिंग

मेंदू म्हणून कुठला बोर्ड? स्वस्तात आर्डुइनो प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या, दोन्हीवर एटीमेगा ३२यू४ चिप असते आणि ती कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसू शकते. जुना ऊनो (आर३) त्यासाठी नको, त्याच्या मुख्य चिपला स्वतःचं यूएसबी नाही. बोर्डवर जॉयस्टिकचा कोड घालायचा नसेल तर मोबीफ्लाइट नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो प्रो मायक्रो, ऊनो, मेगा सगळ्यांशी बोलतो आणि कोडची एक ओळही न लिहिता कुठला स्विच सिममधलं काय करणार ते माउसने ठरवता येतं. मेगा २५६० ला ५४ डिजिटल आणि १६ अॅनालॉग पिना आहेत, एका सेसनाला उरून पुरतात. मी नवख्याला नेहमी मेगा आणि मोबीफ्लाइट हीच जोडी सांगतो, का ते पुढे.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, आणि ऑनलाइन तर कुठेही. टॉगल स्विच हातात घेऊन दाबून बघून घ्या, ऑनलाइन फोटोत आवाज ऐकू येत नाही, आणि मिळमिळीत स्विचचं पॅनल कितीही छान दिसलं तरी हाताला खोटं लागतं.

जोडणी एकदम सोपी आहे. प्रत्येक स्विचचं एक टोक बोर्डच्या एका पिनला, दुसरं टोक ग्राउंडला, आणि सगळ्यांचं ग्राउंड एकच वायर माळेसारखी फिरवून. वेगळे रेझिस्टर लागत नाहीत, बोर्डमध्ये आतच पुल-अप असतो. पॉटला तीन वायरी, दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं अॅनालॉग पिनला, आणि मधल्या पिन-ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, सुई थरथरायची बरीच थांबते. एलईडी लावणार असाल तर तिला २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर विसरू नका.

वायर म्हणून नेटवर्किंगची उरलेली कॅट-सिक्स केबल सोलून वापरतात सगळे, आठ रंग मिळतात, छान आहे, पण त्यातल्या प्रत्येक वायरीत एकच जाड तार असते, सारखी हलली की आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पॅनलमागे जिथे काही हलत नाही तिथे ती, आणि योकवर, पेडलला, थ्रॉटलला अनेक बारीक तारांची लवचिक वायर. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप गुंडाळून नंबर लिहा आणि वहीत पिन नंबर. कंटाळा येतो, तरी लिहा.

आता तो स्विचचा लोचा, जो प्रत्येकाला पहिल्यांदा चक्रावून टाकतो. टॉगल स्विच वर केला की तो वरच राहतो, पण कॉम्प्युटरला ते जॉयस्टिकचं ‘दाबून धरलेलं बटण’ वाटतं. तुम्ही सिममध्ये त्याला ‘लँडिंग लाइट टॉगल’ असं काम दिलं असेल तर वर केल्यावर लाइट लागतो, खाली केल्यावर काहीच होत नाही, परत वर केल्यावर बंद होतो. म्हणजे तुमचा स्विच आणि विमानातला स्विच उलटसुलट. उपाय असा की टॉगल हे काम द्यायचंच नाही, स्विच लागल्यावर ‘ऑन’ आणि सुटल्यावर ‘ऑफ’ अशी दोन वेगळी कामं द्यायची. मोबीफ्लाइटमध्ये दाबल्यावर काय आणि सोडल्यावर काय हे वेगवेगळं ठरवता येतं, म्हणून वर त्याचं नाव घेतलं. आणि फ्लाइट सुरू करताना सगळे स्विच खाली ठेवून विमान पूर्ण बंद अवस्थेत उभं असेल असं निवडा, मग दोघांची सुरुवात एकाच जागेवरून होते.

रोटरी एन्कोडर, म्हणजे अल्टिमीटरला (उंचीच्या मीटरला) हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये बसवायला किंवा हेडिंग बग (दिशेची खूण) फिरवायला लागणारे अखंड फिरणारे नॉब, त्यांचाही असाच एक त्रास. एक टिकटिक फिरवली तर आकडा दोनने तरी उडतो नाहीतर दोन टिकटिकींना एकदाच हलतो. एन्कोडर खराब नसतो, मोबीफ्लाइटमध्ये एन्कोडरचा प्रकार बदलून बघा, त्यातला एक बरोबर बसतो.

यूएसबी हब घेताना स्वतःचा अॅडॉप्टर असलेलाच घ्या, कॉम्प्युटरचं साधं यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं आणि त्यावर योक, पेडल, बोर्ड, दिवे सगळं टांगलं की मध्येच काहीतरी गायब होतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर लांबच्या फ्लाइटमध्ये पेडलला बराच वेळ हात, म्हणजे पाय, लागला नाही की विंडोज त्यांना झोपवून टाकतो आणि ते लक्षात येतं थेट लँडिंगला.

डोळ्यांसाठी

समोर एक मोठा टीव्ही असेल तर तोच लावा, गेम मोड चालू करून, नाहीतर योक हलवल्यानंतर चित्र उशिरा हलतं. तीन मॉनिटर छान दिसतात पण ग्राफिक्स कार्डचा जीव जातो. त्याऐवजी साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्राम, डोकं थोडं वळवलं की सिममधली नजर वळते, सर्किट, म्हणजे रनवेभोवतीची फेरी, उडवताना खिडकीतून मागे राहिलेला रनवे बघायला याच्यासारखं काही नाही. व्हीआर? व्हीआर जबरदस्त आहे, पण हेडसेट घातला की तुम्ही बनवलेलं पॅनल दिसतच नाही. व्हीआर घ्यायचा विचार असेल तर पॅनलवर पैसे घालू नका, योक-पेडल-थ्रॉटल-ट्रिम करा आणि थांबा.

गेजसाठी कुणाचा तरी जुना १७ किंवा १९ इंची मॉनिटर पॅनलच्या मागे बसवा आणि पुढे गोल भोकं पाडलेली एसीपी शीट. भोकातून फक्त सहा गेज दिसतात, वेग, क्षितिज, उंची, वळण, हेडिंग, चढ-उतार, आणि लांबून खरे वाटतात. त्यासाठी एअर मॅनेजर नावाचा विकतचा प्रोग्राम आहे. सुयांच्या जागी काचेच्या स्क्रीनवाली, म्हणजे गार्मिन जी१००० ची सेसना उडवत असाल तर मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये उजवा ऑल्ट दाबून स्क्रीनवर क्लिक केलं की ती वेगळ्या खिडकीत बाहेर येते, ती ओढून दुसऱ्या मॉनिटरवर न्या, शून्य खर्च. खरा जी१००० चा डिस्प्ले १०.४ इंची, १०२४ बाय ७६८ चा आहे, त्यामुळे जुना चौकोनी छोटा मॉनिटर कुणी भंगारात देत असेल तर सोडू नका.

पॅनलवरची अक्षरं, मास्टर, पिटो हीट, स्ट्रोब वगैरे, यासाठी ट्रॉफी आणि नेमप्लेट बनवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे लेझर मशीन असतं. दुधी पांढऱ्या अॅक्रिलिकवर काळा किंवा राखाडी स्प्रे मारायचा, वरून लेझरने अक्षरांपुरता रंग उडवायचा, मागून एलईडी लावली की अक्षरं उजळतात, महागड्या पॅनलचं तंत्र हेच आहे. डिझाइन इंकस्केप या मोफत प्रोग्राममध्ये काढा, आधी साध्या कागदावर प्रिंट काढून स्विचवर ठेवून बघा, आणि प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ बंद.

पहिलं उड्डाण

सगळं जोडल्यावर आधी विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत योक, पेडल, थ्रॉटल असा प्रत्येक अॅक्सिस टोकापासून टोकापर्यंत जातोय का आणि हात सोडल्यावर शांत बसतोय का ते बघा, मग सिममध्ये जा. डेडझोन अगदी कमी ठेवा. थरथर लपवायला डेडझोन वाढवत गेलात तर योकच्या मध्यावर काहीच होत नाही अशी एक पोकळी तयार होते, त्यापेक्षा वायरिंग तपासा.

टेस्टला मी जुहू सुचवतो. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते, आणि रनवे २६ वरून उडालात की समोर थेट समुद्र, इमारतींत घुसायची भीती नाही. थ्रॉटल सावकाश पूर्ण आत, ५५ नॉटला योक हलका मागे, ७४ नॉटवर चढत राहा, आणि पहिल्या सेकंदापासून उजवा रडर, कारण पूर्ण ताकदीवर विमान डावीकडे पळतं, जॉयस्टिकवर हे बहुतेकांना कधी जाणवलेलंच नसतं. हजार फुटांवर सपाट करा, इंजिन कमी करा आणि योक सोडून नुसत्या ट्रिमवर विमान उभं राहतंय का बघा. राहिलं तर तुमचं चाक जमलं.

हे तास कुठल्याही लॉगबुकात धरले जात नाहीत, डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या सिम्युलेटरचेच चालतात, त्यामुळे त्या आशेने खर्च करू नका. आणि बांधलेलं लगेच रंगवू नका. काही आठवडे कच्च्या प्लायवरच उडवा, जो स्विच चुकीच्या जागी वाटेल त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, लाईट गेल्यावर फ्लाइट अर्धवट जाते याचा वैताग आला की यूपीएस घ्या, मग पॅनलची दुसरी शीट नीट कापा. रेडिओचं पॅनल त्यानंतर, जेव्हा व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर खऱ्या माणसांच्या एटीसीशी (विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोल टॉवरशी) बोलायची हिंमत होईल, कारण तोवर फ्रिक्वेन्सी बदलायची गरजच पडत नाही.